हरिश्चंद्रगडास जाणाऱ्या मंडळींस

आमच्या काष्टी गावास डोंगर नाही. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांच्या आसपास असलेला हा सपाट मुलूख; पूर्वेस पाहावे तर ऊस, पश्चिमेस पाहावे तर ऊस, आणि दर शनिवारी जनावरांचा बाजार भरला की त्या धुरळ्यापलीकडे काहीच पाहू नये हे उत्तम. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण येथील लोक तोंडाने बोलतात खरी, परंतु सह्याद्रीचे डोंगर येथून दुरूनही दिसत नाहीत. यास्तव साजरे की कसे, हा निर्णय आमच्या गावाने इतरांच्या सांगण्यावरूनच केला असला पाहिजे.

तथापि आमचा आणि सह्याद्रीचा काही संबंधच नाही असे मात्र म्हणता येत नाही. आमचा जिल्हा, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर असे म्हणतात, तो नकाशात पाहिला असता त्याच्या दक्षिण अंगास आम्ही आहोत, व वायव्येच्या टोकास अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगड आहे. या गडाच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे तीन वाटे होतात. उत्तरेचे पाणी मुळेस मिळून प्रवरेवाटे गोदावरीस जाते. पश्चिमेचे कड्यावरून कोकणात पडून अरबी समुद्रास जाते. आणि दक्षिण उताराचे पाणी पायथ्याच्या पिंपळगाव जोगे धरणात साठते. हे धरण कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक होय, व त्या प्रकल्पाचे कालवे श्रीगोंदे तालुक्यापर्यंत आले आहेत. कुकडी घोडेस मिळते, घोड भीमेस मिळते, आणि भीमा आमच्या गावापासून दूर नाही. म्हणजे ज्या डोंगराचे आम्हांस दर्शनही नाही, त्याच्या पाण्याचा काही अंश आमच्या उसाच्या सऱ्यांतून व कदाचित आमच्या तांब्यातूनही जात असतो. एखाद्या उपकारकर्त्याचे घर एकदा तरी पाहून यावे, इतकीच आमची डोंगराविषयीची प्रथम भूमिका होती.

अलीकडे मात्र ही भूमिका पुरेशी राहिलेली नाही. गावातील व आसपासची तरुण मंडळी शनिवारी रात्री मोटारसायकलीवर बसून निघतात, रविवारी कोणत्यातरी शिखरावर उभे राहून छायाचित्रे काढवितात, आणि सोमवारी सकाळी कामावर हजर होतात. घरोघरी यावरून बोलणी चालतात. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबात तर गेल्या श्रावणात या विषयावर तीन दिवस अबोला होता. थोरल्या काकांचे म्हणणे असे, की देवदर्शनास जावयाचे तर सरळ पायऱ्यांच्या देवस्थानी जावे. वाट नसलेल्या डोंगरावर जाणे हे मरणास आमंत्रण आहे. पुतण्याचे म्हणणे, की आजवर आपल्या मित्रमंडळींपैकी कोणी मेलेले नाही. आणि कॉलेजात शिकणारी धाकटी पुतणी म्हणाली, दादा गेला तेव्हा कोणी एक प्रश्न विचारला नाही, मी जाते म्हणताच वीस प्रश्न का? हा शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत सयुक्तिक वाटला. त्याचे उत्तर पुढे देऊ.

प्रथम डोंगराविषयी. हरिश्चंद्रगड ही एकच टेकडी नव्हे. विस्तीर्ण पठार, त्यावर तीन शिखरे: तारामती, रोहिदास आणि हरिश्चंद्र, पैकी तारामती सर्वांत उंच, सुमारे १,४२९ मीटर. पठारावर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव देवालय आहे. जवळच केदारेश्वराची गुहा. तीत कमरेइतक्या पाण्यात पुरुषभर उंचीस येईल असे शिवलिंग, आणि भोवतालच्या चार खांबांपैकी आज एकच उभा आहे. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच गडावर रचला. पश्चिमेस प्रसिद्ध कोकणकडा. हा कडा सरळ भिंतीसारखा नसून आत वळलेल्या नागाच्या फणीसारखा आहे, त्यामुळे कोकणातून येणारा वारा त्यात कोंडून वर उसळतो. सकाळी सूर्य पाठीशी असता, व कड्याखाली ढग भरलेले असता, पाहणाऱ्याची स्वतःची सावली त्या ढगावर पडते व तिच्या मस्तकाभोवती पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसते. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याची नोंद केली आहे. आपल्याकडे यास इंद्रवज्र म्हणतात. दहाजण रांगेत उभे असले तरी प्रत्येकास वर्तुळ दिसते ते स्वतःच्याच मस्तकाभोवती, शेजाऱ्याच्या नव्हे. या गोष्टीत पुष्कळ गंमत आहे.

नावांविषयी एक अवांतर सांगावेसे वाटते. मार्कंडेयपुराणात हरिश्चंद्राच्या राणीचे नाव शैव्या असे आहे. तारामती हे नाव आपल्या कीर्तनांतून व नाटकांतून घरोघरी गेले. रोहिदास म्हणजे रोहित. त्याची मूळ कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे आणि ती डोंबाच्या घरी पाणी भरण्याच्या कथेहून अगदी निराळी. तीत वरुणास बळी देण्याचे टाळण्यासाठी रोहित धनुष्य घेऊन अरण्यात निघून जातो. इकडे बापास उदररोग होतो. मुलगा दर वर्षाअखेर घरी परतू पाहतो, आणि दर वेळी इंद्र ब्राह्मणरूपाने त्यास वाटेत गाठून सांगतो, थांबू नको, चालतच राहा. असे पाच वेळा झाले. सहाव्या वर्षी त्यास अजीगर्त व शुनःशेप भेटले. चालत राहण्याचा हा उपदेश पुढे पुष्कळ संस्थांनी व सभांनी आपलासा केला आणि तो उत्तमही आहे. परंतु रोहिताचेच नाव धारण करणाऱ्या त्या शिखराभोवती धुके उतरले असता इंद्राचा उपदेश पाळणारा मनुष्य कड्यावरून खाली जाण्याचा संभव फार. तेथे थांबणाराच वाचतो.

हे आम्ही अनुमानाने लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी आश्विनात आम्ही गडावर गेलो होतो. बरोबर धाकट्या बंधूंचा चिरंजीव, त्याची पत्नी, आणि आमचे तीन जुने विद्यार्थी. आळेफाटा, ओतूर करीत खुबी फाट्यावरून धरणाच्या कडेकडेने खिरेश्वरास गेलो. तेथील नागेश्वराचे जुने देऊळ पाहण्यासारखे आहे. पहाटे एक वयस्क महादेव कोळी गृहस्थ वाटाड्या म्हणून बरोबर घेतले. विद्यार्थ्यांस हा खर्च व्यर्थ वाटला, कारण मोबाइलमध्ये संपूर्ण वाट आखलेली होती. आम्ही म्हटले, मोबाइलही असू द्या व बाबाही असू देत.

खिरेश्वराहून टोलार खिंडीपर्यंत चढ सरळ व वाट स्पष्ट. खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे. त्यापुढे उघड्या खडकाचा तिरपा उतार लागतो, तेथे हातास धरण्यासाठी लोखंडी गज लावलेले आहेत. खडक ओला असता हे गज म्हणजे केवळ आधार नव्हे, प्राण होत. पण लोकांस भीती वाटते ती याच जागी, आणि आमच्या मते येथे धोका त्या मानाने थोडा. कारण भ्यालेला मनुष्य सावध असतो. खरा धोका पुढे आहे. खडक संपला की चढ मंदावतो, मन निर्धास्त होते, आणि देवळापर्यंतचे पठार म्हणजे एकामागून एक सारख्या दिसणाऱ्या टेकड्या, मधून ओढे, कारवीचे दाट रान व पुरुषभर गवत. कारवीस सात-आठ वर्षांनी एकदाच फुलोरा येतो. इतर वर्षी ती केवळ दृष्टी अडविण्याचे काम करते. गुरांच्या, रानडुकरांच्या व माणसांच्या पाऊलवाटा तेथे एकमेकींत मिसळतात आणि पावसाळ्यानंतर गवत त्या सर्वांवर समभावाने पांघरूण घालते.

तेथेच ढग खाली आला. खाली आला म्हणणेही चुकीचे. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगरास अडून वर चढते, वर चढताना थंड होते, व तिच्यातील बाष्पाचे तेथल्या तेथे ढग बनतात. म्हणजे डोंगर ढग अंगावर घेत नाही, तो ढग घडवितो. आणि म्हणून पाच मिनिटांपूर्वी निरभ्र असलेली जागा पाच मिनिटांत नाहीशी होऊ शकते. पुढचा मनुष्य दिसेना. बाबा एका झाडाखाली सरळ खाली बसले आणि तंबाखू मळू लागले.

“ढग बसलाय गुरुजी, तवर आपनबी बसायचं,” ते म्हणाले.

विद्यार्थ्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात निळा ठिपका म्हणजे आम्ही, व तांबडी रेघ म्हणजे वाट. अंतर तीसेक पावलांचे. तीस पावले चालावयास काय हरकत? बाबांनी तो ठिपका कौतुकाने पाहिला आणि म्हणाले, “ठिपका खराच असंल. पन ठिपक्याच्या म्होरं काय हाय, त्ये त्याला कुठं ठावं?”

पाऊण तास आम्ही बसून होतो. पुतणसुनेने सर्वांस घोंगड्या गुंडाळावयास लावल्या व गुळपोळीचे तुकडे वाटले. मुले कुरकुरत होती. मग वारा फिरला, ढग फाटला, आणि आमच्या व त्या तांबड्या रेघेच्या मध्ये ओढ्याने खोल कापलेली घळ असल्याचे सर्वांस दिसले. कोणी काही बोलले नाही. बाबा उठून चालू लागले.

या ठिकाणी एक खरी व दुःखद घटना सांगणे आवश्यक आहे. २०२३ च्या ऑगस्टच्या आरंभी पुण्याहून आलेले सहा तरुण याच बाजूने गडावर चढले. दाट धुके व पाऊस यांत त्यांची वाट चुकली, रात्र उघड्यावर काढावी लागली, आणि त्यांतील एकजण गारठून मरण पावला. कड्यावरून पडून नव्हे, गारठून. महाराष्ट्रात, श्रावणात, जेथे पाणी गोठत नाही अशा डोंगरावर मनुष्य थंडीने मरतो, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांस अजूनही अशक्य वाटते. म्हणून त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो.

पाणी हे हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. अंगावरील सुती सदरा भिजला की तो वस्त्र न राहता थंड पाण्याचा एक लेपच होतो. त्यावर कड्यावरचा वारा लागला म्हणजे ओलावा उडू लागतो व उडताना अंगाची आणखी ऊब घेऊन जातो. उंचीमुळे हवा मुळात थंड असते ती निराळीच. साधारणतः दर शंभर मीटरांस अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उष्णतामान उतरते. पोटात अन्न नसेल, चालून अंग थकले असेल, तर शरीरास ऊब उत्पन्न करण्यास सरपणच उरत नाही. शरीराच्या आतील उष्णतामान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की अनर्थास आरंभ होतो. प्रथम हुडहुडी भरते. मग बोलणे अडखळते, पाय लटपटतात, मनुष्य हट्टी व विसराळू होतो. आणि पुढे हुडहुडी आपोआप थांबते, तेव्हा सोबत्यांस वाटते की आता याला बरे वाटू लागले. तो क्षण सर्वांत घातक. अशा वेळी ओले कपडे काढून कोरडे गुंडाळावे, वाऱ्याच्या आड न्यावे, जमिनीपासून अंग वेगळे ठेवावे, शुद्धीवर असेल तर गोड व कोमट काही घोट घोट पाजावे. हातपाय जोराने चोळू नयेत. मद्य हे ऊब देते ही समजूत खोटी आहे. ते आतील ऊब कातडीकडे आणून बाहेर घालविते. आमच्या घरात हा प्रश्न उद्भवत नाही, परंतु मासिक अनेक घरांत जाते.

लोकर भिजली तरी आपली ऊब सर्वस्वी सोडीत नाही. यास्तव धनगरी घोंगडी, जी आमच्या नगरकडच्या बाजारात अजूनही मिळते व जिला तरुण मंडळी हसतात, ती डोंगरावर सुती चादरीहून शतपटीने बरी. ती जड असते, अंगास टोचते, आणि छायाचित्रात शोभत नाही, हे तिन्ही दोष आम्हांस मान्य आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तारामतीवर गेलो. शिखराच्या पायथ्याशी लेणी आहेत. एकात गणपतीची भव्य मूर्ती आहे. तिच्या अंगाने वाट निघते, पण थोड्याच वेळात तिला वाट म्हणण्याचे धैर्य होत नाही. गवत उभे, चढ छातीवर, पायाखाली घसारा. बाबा काठीने गवत झोडपीत पुढे, त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून आम्ही मागे. घसाऱ्यावर चढताना एकामागे एक न चालता थोडे तिरपे चालावे, म्हणजे वरच्याच्या पायाचा सुटलेला धोंडा खालच्याच्या माथी येत नाही, हे तेथे शिकलो. माथ्यावर पोहोचण्यास आम्हांस तासाभराहून अधिक लागला. तरुणांस निम्मा लागेल. हवा स्वच्छ होती. दक्षिणेस नाणेघाट व जीवधन, उत्तरेस कळसूबाई, तिकडे आजोबा, आणि पायाखाली पिंपळगाव जोग्याचे पाणी उन्हात ताटासारखे चकाकत होते. आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, गुरुजी, हेच पाणी आपल्याकडे येते? आम्ही म्हटले, यातलेच. तो बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या वडिलांची चार एकर जमीन कालव्याच्या शेपटास आहे, आणि तेथपर्यंत पाणी पोहोचेल की नाही ही त्या घराची दर उन्हाळ्यातील चिंता असते.

उतरताना त्याच मुलास सुचले, की धरण तर समोर दिसते, मग फिरून देवळाकडे कशास जावयाचे? सरळ खाली उतरू. बाबांनी उत्तर न देता नारळाएवढा एक धोंडा उचलला व त्या दिशेने गवतात लोटून दिला. धोंडा गवतातून खसखसत गेला. मग आवाज बंद झाला. आम्ही कान देऊन उभे होतो. पुष्कळ वेळाने फार खालून एक बारीक टपकारा ऐकू आला.

हे असे का होते, ते सह्याद्रीच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून आलेल्या तप्त रसाचे थरावर थर साचून हा मुलूख झाला. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उतार होतो, त्यावर माती टिकते, गवत व रान वाढते. कठीण थर झिजत नाही, तो उभा कडा म्हणून राहतो. म्हणून आपला डोंगर म्हणजे उतार, कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा, अशी राक्षसी जिन्याची रचना. वरून पाहणाऱ्यास उतार तेवढे दिसतात, मधले कडे दिसत नाहीत. आमच्याकडे सपाटीवरचे एक शहाणपण आहे, की वाट चुकल्यास ओढ्याबरोबर जावे, पाणी गावास नेते. आमच्या काष्टीत ते सोळा आणे खरे. सह्याद्रीत त्यासारखा घातक उपदेश दुसरा नाही, कारण तेथील ओढ्यास कड्यावरून उडी मारता येते व आपल्यास येत नाही. डोंगरी लोक उतरताना शक्यतो नाळ टाळून सोंडेने उतरतात. नाळेच्या वाटाही आहेत. कोकणातील बेलपाड्याहून नळीची वाट वर येते. परंतु ती ज्यांस ठाऊक आहे त्यांच्यासाठी. २०१८ च्या नोव्हेंबरात कोकणकडा दोराने उतरू गेलेली मुंबई-ठाण्याकडची वीसएक मंडळी अंधारामुळे कड्यातच अडकली व त्यांस सोडवून आणावे लागले. दोर, साधने, माहितगार सर्व असून ही अवस्था.

अमरकोशाच्या शैलवर्गात कड्यास तीन शब्द दिले आहेत: प्रपात, अतट आणि भृगु. अतट म्हणजे ज्यास तट नाही, काठ नाही. चाळीस वर्षे आम्ही हा शब्द मुलांस पाठ म्हणावयास लावला. गवताने झाकलेल्या त्या कडेवर उभे राहिल्यावर त्या ‘अ’चे प्रयोजन ध्यानी आले. तसेच दुर्गम आणि अगम्य हे शब्द वर्तमानपत्रांतून एकमेकांबद्दल वापरतात, तेही बरोबर नव्हे. दुर्गम म्हणजे जेथे कष्टाने जाता येते. अगम्य म्हणजे जेथे जाता येत नाही, अथवा जाऊ नये. तारामती दुर्गम आहे. धुक्यातील तारामती अगम्य आहे. हा भेद ज्यास कळतो त्याच्याबरोबर आम्ही आपल्या मुलीस निःशंक पाठवू.

आता त्या पुतणीच्या प्रश्नाकडे येऊ. दादास एकही प्रश्न नाही व मला वीस, असे का? आमचे उत्तर असे, की वीस प्रश्न योग्यच होते. चूक इतकीच, की ते दादासही विचारावयास हवे होते. डोंगर कड्यावर स्त्री-पुरुष पाहून वागत नाही. घरातील वडील माणसांस आमचे सांगणे, की ‘जाऊ नको’ हा प्रश्न नव्हे व उत्तरही नव्हे. विचारावे ते असे: कोणत्या गावाहून चढणार व कोणत्या गावास उतरणार, आणि ती नावे घरी लिहून ठेवली आहेत काय? त्या वाटेने पूर्वी गेलेला कोण बरोबर आहे? गावातील वाटाड्या घेणार की नाही? अंधारापूर्वी किती वाजता मागे वळणार, शिखर गाठले नसले तरी? कोरडा कपड्यांचा एक जोड पिशवीत वेगळा बांधला आहे काय? विजेरी, शिट्टी, गूळ, पाणी? मोबाइलचा भरणा संपला तर पुढे काय, आणि कोणत्या वेळेपर्यंत फोन न आल्यास आम्ही ११२ क्रमांकावर कळवावे? ज्याला वा जिला याची उत्तरे नीट देता येतात, त्यांस थोरल्या काकांनी आनंदाने निरोप द्यावा. ज्यास देता येत नाहीत, त्याचा दादेपणा त्यास कड्यावर उपयोगी पडणार नाही.

सासरच्या माणसांस आणखी एक. सुनेस डोंगर चढण्याची हौस असणे यात कुळास कमीपणा कोणता, ते आम्हांस समजत नाही. आमच्या लहानपणी याच घरांतील आज्या पंढरीस पायी गेल्या, गंगासागरी जाऊन आल्या, आणि त्यांच्या पायांविषयी कोणी शंका घेतली नाही. धुक्यात आमच्या सहाजणांत जिने प्रथम अन्न व ऊब यांचा विचार केला ती घरची सूनच होती. तिघे पदवीधर तोवर त्या ठिपक्याकडे पाहत बसले होते.

वाटाड्याच्या पैशाविषयीही घासाघीस करू नये. शनिवारच्या बाजारात बैलाच्या दातांवरून दोन तास भाव करणारा आमचा गावकरी तेथेही तीच विद्या चालवू पाहतो. बैल घेताना ते शोभते. हा सर्व मुलूख १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखलेला आहे, सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. तेथील लोकांस रानातून पूर्वीप्रमाणे काही घेता येत नाही, भाताचे पीक पावसावर, आणि उन्हाळ्यात, जेथे इतका पाऊस पडतो त्या गडाच्या पायथ्याच्या वाड्यांस पाणी शोधीत हिंडावे लागते. त्यांच्या डोंगराचे पाणी आम्ही वर्षभर उसास घालतो. वाट दाखविण्याचे चार पैसे त्यांस अधिक गेले म्हणून आमचे काही बिघडणार नाही.

आमचा हा लेख निघणार असे कळल्यावरून एका वाचक भगिनींनी, ज्यांचे वय आमच्याहून दोन वर्षांनी अधिक आहे, विचारले आहे की हरिश्चंद्रेश्वराचे दर्शन आपल्यास या वयात होईल काय. होईल. त्यांनी पावसाळा सोडून कार्तिकात वा मार्गशीर्षात जावे. राजूरवरून पाचनईस उतरावे. तेथून वाट सोपी आहे, ओढ्याच्या सोबतीने चढते, आणि बसत उठत गेले तरी तीन-चार तासांत देवालय येते. टोलार खिंडीचा व तारामतीचा हट्ट धरू नये. महाशिवरात्रीस गर्दी असते, ती टाळलेली बरी. पायात नव्या वहाणा नकोत, जुन्या व घट्ट बसणाऱ्या असाव्यात. केदारेश्वराच्या पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालण्याची इच्छा असल्यास पाणी फार थंड असते हे लक्षात ठेवून प्रदक्षिणा एकच घालावी, आणि कोरडे लुगडे व पंचा वेगळ्या पिशवीत बांधून न्यावा.